वास गेल्यानंतर

लखनौ,
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. शशीमामा यांस,
ऋताचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मी फोन ठेवला की कोण होतं म्हणून मामीला विचारता, हे मला मामीनंच सांगितलंय. पस्तीस वर्षं तेलाच्या टर्मिनलवर पंपांशेजारी काढलेले कान आहेत, त्यांना मी काय बोलणार. म्हणून हे पत्र. मामीचे पोह्याचे पापड पोचले. नेत्राने त्यातले चार कच्चेच खाल्ले आणि मामाआजोबा को थँक्यू बोल देना असं मला बजावलं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. सौरभची हजरतगंजातली बँक आणि सौरभ, दोन्ही ठीक आहेत.

आता मुद्द्याचं. चौदा तारखेला दुपारी चारच्या सुमारास चिनहटच्या पुढे आमच्या कंपनीची कच्च्या तेलाची लाइन फुटली. एका ठेकेदाराचा जेसीबी नाली खणत होता, त्याचा दात पाइपाला लागला. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह अकरा मिनिटांत बंद झाले, पण तोवर मोहरीच्या शेतात काळं तळं साचलं होतं आणि तेल नालीतून गावच्या कोरड्या तलावाकडे निघालं होतं. आम्ही मातीचे बांध घातले, फोम टाकला, तेल ओढून घेणारे टँकर मागवले. माझं आपत्कालीन पथक त्या दिवशी फार छान वागलं, हे आधी सांगून टाकते. पण तेल होतं तुमच्या जुन्या ओळखीचं, सडक्या अंड्यांच्या वासाचं, विषारी वायू सोबत आणणारं. आणि त्या तलावाच्या तळाशी, खोलगट जागेत, लग्नाचा मांडव घातलेला होता.

मुलीचे वडील रामसमुझ मौर्य. साडेतीनशे माणसं, हलवायाच्या सहा भट्ट्या, जनरेटर, सगळा थाट. मी सगळं विझवायला लावलं. अर्ध्या तळलेल्या पुऱ्या कढईतच राहिल्या. माणसांना वारा येत होता त्या बाजूच्या शाळेत नेऊन बसवलं. इथवर लोकांनी ऐकलं. पण लग्न गोधूलीचं होतं, फेरे सहा बत्तीसला. सहा वाजून दहा मिनिटांनी मौर्यजी, पंडितजी आणि आमचे तिवारीजी परत मांडवाकडे उतरू लागले. तिवारीजी म्हणजे आमच्या लाइनवरचे सर्वांत जुने टेक्निशियन, तीस वर्षं झाली त्यांना. ते मला म्हणाले, की मॅडम, महक तो चली गयी, आता होमकुंड पेटवायला काय हरकत आहे.

मी त्यांच्या मागून उतरले. उताराच्या वरच्या टोकाला वास नाकात ठासून भरला होता आणि खाली दहा-बारा पावलांवर अजिबात येईना. वारा तोच, दिशा तीच. माझे डोळे चुरचुरत होते. हातातल्या वायू मोजायच्या मीटरने एकदा शिट्टी फुंकली आणि त्याचा पडदा कोरा झाला. पंडितजींच्या हातात काडेपेटी होती. ती मी हिसकावून घेतली, मामा, आणि तिघांना दंडाला धरून वर आणलं.

दुसरा मीटर डेपोतून यायला सात वाजत आले. तोवर वारा जोरात सुटला होता. मीटरवर शून्य. सव्वासातला फेरे झाले, मुहूर्त टळून. कुणाला काही झालं नाही, कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

आणि तेच आता माझ्या अंगाशी आलंय. मौर्यजींनी तक्रार केली आहे, की मॅडमने उगाच मुलीच्या लग्नात अपशकुन केला. नोंदवहीत त्या पाऊण तासाचा एकही आकडा नाही. तिवारीजींनी लिहून दिलंय, की वास गेला होता आणि मॅडम घबरा गयीं. एकवीस मार्चला चौकशी आहे. माझं चुकलं असं ठरलं तर पथक माझ्याकडून काढून घेतील आणि मला हजरतगंजच्या ऑफिसात एक टेबल देतील. त्याचं काही वाटत नाही असं मी सौरभला सांगितलंय, पण तुम्हाला खोटं कशाला सांगू. सहा वर्षं खपून उभं केलेलं पथक आहे ते.

मी का थांबवलं, ते फक्त तुम्हाला सांगते. मी आठवीत असताना पेणला सुट्टीत आले होते तेव्हा सिलिंडर गळला होता, आठवतं? मामी म्हणाली, की आता वास गेला, गॅस लावते. तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडला होतात, की नाकावर विश्वास ठेवू नकोस. तुम्हाला ओरडताना मी जन्मात तेवढंच पाहिलं. त्या दिवशी तुम्ही जेवलासुद्धा नाहीत. ज्या माणसाला चौथ्या घरातले बोंबील ओले की सुके हे वासावरून कळायचं, त्याने असं म्हणावं याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. तलावाच्या उतारावर तेच आठवलं. तुम्हाला हे कसं ठाऊक होतं, ते मला लिहून कळवाल का? चौकशीत उपयोग होईल.

माया आहेच, ती तशीच ठेवा. आणि कानयंत्र पेटीत ठेवायला दिलेलं नाही, ते कानात लावा.
तुमची,
ऋता


पेण,
दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋता हिस,
शशिकांतमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. अकरा मिनिटांत व्हॉल्व्ह बंद म्हणजे आमच्या काळी पेढे वाटले असते. वाऱ्याची बाजू बघून माणसं हलवलीस, भट्ट्यांच्या जोडीला जनरेटरही विझवलास, हे तर फारच चांगलं. लोक चूल विझवतात आणि जनरेटर विसरतात.

तू विचारलंस त्याचं उत्तर कुठल्याही सुरक्षेच्या पुस्तकात सापडेल. हा वायू थोडा असला की घाण वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेणारी शिरच बधिर होते आणि माणसाला वाटतं, गेला वायू. शिवाय हवेपेक्षा जड असल्याने तो खोलगट जागी जाऊन बसतो. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकातलं ते पान झेरॉक्स करून सोबत जोडलं आहे, ते समितीपुढे ठेव. सिलिंडरचं म्हणशील तर मला काही आठवत नाही. आरडाओरडा केला असेन, तुझी मामी तशी वेळ आणते.

इकडे सगळं ठीक. कानयंत्र शिट्टी मारतं म्हणून लावत नाही. शेजारच्या कारखान्यात गणपतींना आत्तापासूनच रंग चढतोय, त्या रंगाच्या वासाने तुझ्या मामीचं डोकं धरतं. नेत्राला म्हणावं पापड तळून खातात.

मामीचा निरोप खाली आहे. माझे आशीर्वाद नेहमीचेच, कमी पडले तर कळव.
तुझा मामा,
शशिकांत

ता. क. ऋता, मी मालिनीमामी. हे टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. सिलिंडरचं यांना चांगलं आठवतं. पत्र वाचलं त्या दिवशी हे परत जेवले नाहीत. तू त्यांना जयसिंगभावजींबद्दल विचार. मी तीस वर्षांत विचारलेलं नाही.


लखनौ,
दि. ६ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
ऋताचा सा. न.

तुम्ही पाठवलेलं पान मिळालं. ते समितीकडे आधीपासून आहे. त्यांचं म्हणणं असं, की हे सगळं बंद टाकीतलं, उघड्या शेतात वारा असताना असं होतं कुठे? आणि तिवारीजींचं नाक तीस वर्षांचं आहे. तीस वर्षांच्या नाकापुढे पुस्तकाचं पान टिकत नाही, मामा. तिवारीजींबद्दल माझ्या मनात राग नाही. माणूस सज्जन आहे, मला लाइन त्यांनीच पायी चालून दाखवली. पण हल्ली ते माझ्याशी नजर मिळवत नाहीत.

होळी आठ दिवसांवर आली. मौर्यजींच्या गावात सगळ्या तेलकट मातीच्या जागी नवी माती टाकून झाली, नाली धुऊन झाली. परवा पाहणीला गेले तर मौर्यजींनी मला बघून दार लावून घेतलं. मुलगी सासरी सुखात आहे असं शेजारीण म्हणाली. मला बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं, ते कुणाला दिसलं नाही.

आता रागावू नका. जयसिंगभावजी कोण? मामीने नुसतं नाव लिहिलंय. उघड्यावर घडलेलं, एखाद्या जाणत्या माणसाने स्वतः पाहिलेलं असं काही तुमच्याजवळ असेल तर मला ते हवं आहे. नसेल किंवा सांगवत नसेल, तर मी पुन्हा विचारणार नाही. टेबल तर टेबल. हजरतगंजात निदान चाट चांगली मिळते.

तुमचा लोभ मी गृहीत धरून चालले आहे, धरू ना?
तुमची,
ऋता


पेण,
दि. १२ मार्च २०२५

चि. ऋतास,
अनेक आशीर्वाद.

जयसिंग भोसले माझ्या शिफ्टमधला फायरमन. साताऱ्याकडचा, उंचपुरा. ड्यूटी संपली की दोनदा आंघोळ करायचा. अंगाला तेलाचा वास घेऊन घरी जायचं नाही, हा त्याचा नेमच होता. त्याची बायको लता आणि मुलगा सिद्धेश रोह्याला राहतात. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता.

१९९४ सालचा नोव्हेंबर. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन. एका टाकीच्या जोडातून तेल गळून भोवतीच्या उघड्या गटारात उतरलं होतं. वर आभाळ, बाजूला समुद्र, वारा होता. गटाराची झडप बंद करायला सहा पायऱ्या खाली उतरावं लागे. पाठीवर हवेचं नळकांडं बांधायचे दोनच संच होते. एक दुसरीकडे गेलेला, दुसऱ्यात हवा भरणं चालू होतं. जयसिंगने मला विचारलं, की साहेब, पाच मिनिटांत भरून होईल, थांबू का. टर्मिनलभर माझ्या नाकाचा बोलबाला होता. मी दोन पायऱ्या उतरलो, वाकून हुंगलं, वर आलो आणि त्याला सांगितलं, की वास गेलाय, उतर.

तो उतरला. झडपेला हात घातला आणि मग दमल्यासारखा पायरीवर बसला. मला वाटलं, जोर लावायला बसलाय. मग तो आडवा झाला. संच चढवून मी त्याला बाहेर काढला, पण उशीर झाला होता.

अहवालात लिहिलं गेलं, की कर्मचाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर श्वसनसंच न लावता प्रवेश केला. त्या अहवालावर माझी सही आहे. आमचं बोलणं दुसऱ्या कुणीच ऐकलं नव्हतं. मी सही केली, ऋता, आणि नंतर बढतीही घेतली. नाकाचा तोरा मी पुढेही मिरवत राहिलो. एकदम सोडला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. बोंबलांचं जे कौतुक तू करतेस, ते मला दर वेळी टोचतं.

मागच्या पत्रात मला काही आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. तुला पान पाठवून सुटावं असं वाटलं. पण तू टेबल तर टेबल असं लिहिलंस आणि मला झोप लागेना. माझं नाव जपायला मी एकदा दुसऱ्याचं नाव खर्ची घातलं आहे. आता त्यात तुझी भर नको.

सोबत वेगळ्या कागदावर जबानी आहे. तारीख, वेळ, उघडी जागा, वाऱ्याची दिशा, मी काय हुंगलं आणि काय सांगितलं, सगळं लिहिलं आहे. खाली नाव, हुद्दा, पत्ता आणि सही. नाव झाकू नकोस. झाकलेल्या नावाच्या जबानीला किंमत नसते.

आशीर्वाद देण्याचा मला किती अधिकार उरला आहे ते तूच ठरव. मी तर देतोच आहे.
शशिकांत


लखनौ,
दि. २९ मार्च २०२५

ती. स्व. शशीमामांस,
तुमच्या ऋताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या मागच्या पत्राची शेवटची ओळ वाचून मला राग आला. अधिकार उरला की नाही हे विचारायचं नाही. असं पुन्हा लिहिलंत तर नेत्राला हिंदीत उत्तर द्यायला बसवीन.

उत्तराला उशीर झाला, कारण चौकशी दोन दिवस चालली. तुमची जबानी मी त्यांच्यासमोर उभी राहून हिंदीत वाचली. आदल्या रात्री भाषांतर सौरभने तपासलं, तो मध्येच उठून गॅलरीत गेला होता. तीन अधिकारी, मी, तिवारीजी, मौर्यजी. तुम्ही जिथे लिहिलंय की वाकून हुंगलं आणि त्याला उतर म्हणालो, तिथे अध्यक्षांनी हात वर केला. विचारलं, की लिहिणारे तुमचे कोण. मी म्हटलं, मामा. त्यांनी पुढे वाचायला सांगितलं.

मग तिवारीजी उठले. म्हणाले, की मला माझं बयान बदलायचं आहे. मांडवाजवळ त्यांचे डोळे वाहत होते. घरी गेल्यावर दोनदा उलटी झाली, डोकं दोन दिवस दुखत होतं. तीस साल का आदमी एका नाकाने फसला हे सांगायची लाज वाटली, असं ते म्हणाले. अगदी सावकाश, एकेक शब्द करून सांगितलं त्यांनी. मौर्यजी खाली मान घालून ऐकत होते.

पथक माझ्याकडेच राहिलं. आता दर गाडीत दोन मीटर आणि आठवड्याला त्यांची तपासणी, असा हुकूम निघाला. मांडवात झालं ते नव्या लोकांना तिवारीजींनी स्वतः सांगायचं, हे त्यांनीच मागून घेतलं. मौर्यजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. पंडितजींची काडेपेटी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, ती परत करायला जायचंय, पण धीर होत नाही.

मामा, एक गोष्ट राहिली. बाहेर पडताना तिवारीजींनी मला विचारलं, की जयसिंगजींच्या घरच्यांना हे माहीत आहे का. मी तुम्हाला काही सुचवत नाही. त्यांनी विचारलं तेवढं कळवते.

उद्या पाडवा. गुढीला इथे कडुनिंब भरपूर मिळतो, साखरेच्या गाठी मात्र मिळत नाहीत. तुमच्या मायेवर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही.
तुमचीच,
ऋता


पेण,
दि. ७ एप्रिल २०२५

चि. ऋता हिस,
मामाचे आशीर्वाद. या वेळी निःशंक मनाने देतो आहे.

तुझं पथक तुझ्याकडे राहिलं हे वाचून तुझ्या मामीने देवापुढे साखर ठेवली आणि मलाही चिमूटभर दिली. तिवारींना माझा नमस्कार सांग. त्यांनी भर समितीपुढे उठून सांगितलं, ते मला तीस वर्षं जमलं नव्हतं.

काल एसटीने रोह्याला जाऊन आलो. तुझी मामी सोबत यायला निघाली होती, मी नको म्हटलं. कानयंत्र लावून गेलो. लताबाई जे बोलतील ते मला नीट ऐकू यायला हवं होतं.

त्या आता साठीला आल्या आहेत. सिद्धेश आयटीआयमध्ये शिकवतो, रविवार असल्याने तोही घरी होता. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, काही न वगळता. माफी मागितली. लताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. सिद्धेश उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मला वाटलं आता ऊठ म्हणतील, तर उठायचं.

मग त्यांनी एकच विचारलं. शेवटी आमच्या ह्यांना ती घाण येत होती का. इतकी वर्षं लताबाईंच्या मनात तेच होतं, की दोनदा आंघोळ करणारा माणूस त्या घाणीत गेला. मी म्हणालो, नाही. अजिबात येत नव्हती. तिथे खाली काहीच वास नव्हता, हे मी स्वतः हुंगलं होतं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. माझ्या नाकाचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला असेल.

नंतर त्या म्हणाल्या, की सिद्धेश लहानपणापासून ऐकत आलाय, तुझा बाप निष्काळजी होता. तुम्ही भाचीला लिहून दिलंत, तसं आम्हालाही द्या. सिद्धेशने वहीचा कागद आणि पेन आणून दिलं. मी तिथेच बसून लिहिलं. दुसरी प्रत आज जुन्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे, अहवाल दुरुस्त करा म्हणून. ते करतील की नाही ठाऊक नाही, मी लिहीत राहणार आहे.

तुला पाठवलेल्या जबानीची सुरुवात मी माझ्या नावाने आणि हुद्द्याने केली होती. इथे पहिली ओळ वेगळी लिहिली, की जयसिंग भोसले याने श्वसनसंच मागितला होता. लताबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा शोधला, तो सापडला नाही, म्हणून सिद्धेशला मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याने ती पहिली ओळ वाचली आणि तिथेच थांबला. मग पुन्हा तीच वाचली. मला दोन्ही वेळा स्पष्ट ऐकू आली.

पंडितजींची काडेपेटी परत करून ये. घाबरू नकोस.

आता फोन कर, मी ऐकेन. पण पत्रंही पाठवत जा, माझा जीव त्यांच्यात आहे.
तुझा मामा,
शशिकांत